कंपनीची पुनर्रचना: दिवाळखोरी कायद्यात एक अर्थ, करकायद्यात दुसरा

३० सप्टेंबर २०२१ रोजी पिरामल कॅपिटल अँड हाउसिंग फायनान्स ही मुंबईतील सुस्थितीतील कंपनी दिवाण हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे डीएचएफएल, या नादारीच्या कारवाईत सापडलेल्या कंपनीत विलीन झाली. घेणारी कंपनी संपली आणि घेतली गेलेली उरली. उरलेल्या कंपनीने मग घेणारीचेच नाव धारण केले. वरवर उलटा वाटणारा हा व्यवहार दिवाळखोरी कायद्याच्या दृष्टीने एका अडचणीतील कंपनीची सोडवणूक होता आणि प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने दोन कंपन्यांचे विलीनीकरण. धनकोंनी संमती दिली का आणि कंपनी चालू राहील का, हे पहिला कायदा पाहतो. मालमत्ता, देणी आणि भागधारक हे तिन्ही ठरावीक प्रमाणात एका कंपनीतून दुसरीत गेले का, हे दुसरा कायदा पाहतो. एका कायद्याची कसोटी पार झाली म्हणजे दुसऱ्याचीही झाली, असे गृहीत धरणे ही या क्षेत्रातील नवख्यांची सर्वांत महागडी समजूत असते.

हा लेख आर्टिकलशिप करणारे सीएचे विद्यार्थी, कंपनी सेक्रेटरी, वकिलीत नुकतेच आलेले तरुण आणि ज्यांचा मोठा ग्राहक अचानक एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, गेला आहे असे लहान उद्योजक यांच्यासाठी आहे. प्राप्तिकराची कलमे येथे १९६१ च्या अधिनियमाच्या क्रमांकांनी दिली आहेत, कारण न्यायनिर्णय त्याच क्रमांकांनी ओळखले जातात आणि मागील वर्षांची प्रकरणे त्याच अधिनियमाखाली चालतात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या व्यवहारासाठी नव्या अधिनियमातील समांतर कलम शोधून घ्यावे. नादारी आणि दिवाळखोरी संहितेचे दुरुस्ती विधेयकही ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. तेव्हा प्रत्यक्ष कागद तयार करण्यापूर्वी संहितेची अद्ययावत प्रत समोर ठेवावी.

आधी व्याख्या कोठे आहेत ते पाहावे

नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये, जिला सर्वजण आयबीसी म्हणतात, पुनर्रचनेची स्वतंत्र व्याख्या शोधत बसू नये. तिचा आशय निराकरण योजनेच्या, म्हणजे व्यवहारातील रिझोल्यूशन प्लॅनच्या, व्याख्येत सामावलेला आहे. कलम ५(२६) नुसार ही योजना कंपनीला चालू व्यवसाय म्हणून टिकवून तिची नादारी दूर करण्यासाठी असते, आणि २०१९ मध्ये जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार तिच्यात विलीनीकरण, एकत्रीकरण व विलगीकरण (कंपनीतील एखादा व्यवसाय वेगळा काढणे) यांसह कंपनीच्या फेररचनेची तरतूद करता येते. ‘करता येते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ कर्जाची मुदत वाढवणारी, भागभांडवल शून्यावर आणून नवे भाग (शेअर) देणारी किंवा तारण मोकळे करणारी योजनाही आयबीसीच्या दृष्टीने पूर्ण योजना असते. आयबीसीखालील नियमावलीतील नियम ३७ मध्ये अशा उपायांची लांबलचक यादी आहे आणि तीही उदाहरणादाखलच आहे.

प्राप्तिकर कायद्यात मात्र ‘व्यवसाय पुनर्रचना’ या संज्ञेची व्याख्या आहे. २०२२ च्या वित्त अधिनियमाने कलम १७० मध्ये ती घातली आणि तिचा अर्थ एक किंवा अनेक व्यक्तींच्या व्यवसायांचे एकत्रीकरण, विलगीकरण किंवा विलीनीकरण एवढाच ठेवला. कर्जमाफी, मुदतवाढ किंवा भागभांडवलाची कपात या व्याख्येत येत नाही. म्हणजे आयबीसीखालील अनेक योजना करकायद्याच्या लेखी पुनर्रचना ठरतच नाहीत, आणि कंपनी अधिनियम, २०१३ खालची अनेक विलीनीकरणे अशी असतात, ज्यांचा दिवाळखोरीशी दुरान्वयानेही संबंध नसतो.

अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी हिशेबतज्ज्ञांना हा घोळ आणखी जाणवतो, कारण तेथे दोन्ही कायदे ‘रीऑर्गनायझेशन’ हाच शब्द वापरतात. दिवाळखोरी संहितेच्या चॅप्टर ११ चे शीर्षक तेच आहे, आणि अंतर्गत महसूल संहितेच्या कलम ३६८ मध्ये त्याच शब्दाखाली ए ते जी असे सात प्रकार दिले आहेत. त्यांपैकी जी हा प्रकार १९८० च्या दिवाळखोरी कर अधिनियमाने खास दिवाळखोरीतील कंपन्यांसाठी आणला. चॅप्टर ११ मध्ये जुने व्यवस्थापन सहसा खुर्चीवर राहते, आणि योजना एखाद्या धनकोवर्गाने स्वीकारली असे ठरण्यासाठी मतदान करणाऱ्यांपैकी रकमेने दोन तृतीयांश व संख्येने निम्म्याहून अधिक धनकोंची संमती लागते. भारतात अर्ज दाखल करून घेतला जाताच संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात. त्यामुळे अमेरिकी पुस्तकातील उदाहरणे भारतीय प्रकरणाला जशीच्या तशी लावू नयेत.

पहिली पायरी: कोणत्या वाटेने जायचे ते ठरवणे

कंपनी अजून हप्ते भरत असेल आणि प्रश्न केवळ रचनेचा असेल, तर कंपनी अधिनियमाची कलमे २३० ते २३२ ही वाट मोकळी असते. तेथे धनकोंच्या किंवा सभासदांच्या प्रत्येक वर्गाच्या सभेत मतदान होते आणि मतदान करणाऱ्यांपैकी मूल्याने तीन चतुर्थांशांचे प्रतिनिधित्व करणारे बहुमत लागते. सभेची सूचना प्राप्तिकर खात्यालाही द्यावी लागते आणि खात्याला आपले म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस मिळतात.

कंपनी थकली असेल तर आयबीसी. थकबाकी किमान १ कोटी रुपयांची हवी; मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. बँकेसारखा वित्तीय धनको कलम ७ खाली, माल किंवा सेवा पुरवणारा परिचालन धनको कलम ९ खाली आणि कंपनी स्वतः कलम १० खाली अर्ज करते. कंपनीने स्वतः अर्ज करायचा असेल तर भागधारकांचा विशेष ठराव जोडावा लागतो, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. पुरवठादाराने आधी मागणीची नोटीस देऊन १० दिवस थांबावे लागते. मालाच्या दर्जाबद्दल किंवा बिलाबद्दल नोटिशीपूर्वीपासूनचा खरा वाद असेल तर अर्ज टिकत नाही, हे मोबिलॉक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. थकीत बिल वसूल करण्याचे हत्यार म्हणून आयबीसीकडे पाहणाऱ्या उद्योजकांनी हा निर्णय आधी वाचावा.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २०२१ पासून तिसरी वाटही आहे. प्री-पॅक या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १० लाखांच्या थकबाकीपासून वापरता येते, व्यवस्थापन सामान्यतः मालकाच्या हाती राहते आणि १२० दिवसांत ती पूर्ण व्हावी अशी अपेक्षा असते. वित्तीय संस्थांना मात्र आयबीसीची वाट स्वतःहून निवडता येत नाही. डीएचएफएलचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१९ रोजी बरखास्त केले, अर्जही रिझर्व्ह बँकेनेच केला आणि एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तो ३ डिसेंबर २०१९ रोजी दाखल करून घेतला. बँकांचा मार्ग तर पूर्णपणे निराळा आहे: पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली ती बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ४५ खाली, आयबीसीखाली नव्हे.

दुसरी पायरी: स्थगिती आणि दावे

अर्ज दाखल करून घेतल्याच्या आदेशाबरोबर कलम १४ ची स्थगिती लागू होते. कंपनीविरुद्धचे दावे, वसुली, तारणाची जप्ती आणि मालमत्तेची विक्री थांबते. संचालकांनी दिलेल्या वैयक्तिक हमीवरील वसुली मात्र थांबत नाही, आणि अनेक प्रवर्तकांना ते बँकेची नोटीस घरी आल्यावरच कळते. पहिले काही दिवस अंतरिम निराकरण व्यावसायिक कारभार पाहतो, जाहीर सूचना काढतो आणि दावे मागवतो.

दावा भरण्याची मुदत जाहीर सूचनेत दिलेली असते आणि ती गंभीरपणे घ्यावी. पुरवठादारांसाठी फॉर्म बी, बँकांसाठी फॉर्म सी आणि कामगार व कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी असतो. सरकारी खात्यांनाही दावा भरावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा अँड सन्स प्रकरणात असे ठरवले, की मंजूर योजनेत ज्या देण्याचा समावेश नाही ते देणे संपुष्टात येते, मग ते केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेचे का असेना. मंजूर योजनेत नसलेली प्राप्तिकराची जुनी मागणी खाते नंतर उभी करू शकत नाही, याचा २० मार्च २०२५ च्या निर्णयात पुनरुच्चार झाला. कंपनीच्या जुन्या करमागण्यांची यादी करताना प्रत्येक मागणीपुढे ‘दावा आला’, ‘दावा आला नाही’ आणि ‘योजनेत उल्लेख आहे’ असे तीन रकाने ठेवावेत. पुढची निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

एका बाबतीत सावध राहावे. गुजरातच्या मूल्यवर्धित करकायद्यात करथकबाकीचा मालमत्तेवर बोजा असल्याने राज्याला सुरक्षित धनको मानावे, असा निर्णय सप्टेंबर २०२२ मध्ये रेनबो पेपर्स प्रकरणात आला. जुलै २०२३ मध्ये रामन इस्पात प्रकरणात न्यायालयाने तो त्या प्रकरणातील वस्तुस्थितीपुरता मर्यादित असल्याचे म्हटले, परंतु तो फिरवला नाही. तेव्हा राज्याच्या करथकबाकीसाठी संबंधित राज्याच्या कायद्यात बोजाची तरतूद आहे का, हे पाहिल्याशिवाय ती देणी क्रमवारीत खाली ढकलू नयेत.

तिसरी पायरी: योजना वाचणे

मतदान धनको समितीत होते आणि समितीत वित्तीय धनकोच असतात. योजनेसाठी ६६ टक्के मते लागतात. पुरवठादाराला मत नसते. त्याला किमान तेवढे मिळावे लागते, जेवढे कंपनी अवसायनात गेली असती, म्हणजे मालमत्ता विकून बंद केली गेली असती, तर कलम ५३ च्या क्रमाने त्याच्या वाट्याला आले असते, आणि प्रत्यक्षात तो आकडा बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतो. हा भेदभाव आहे, ही तक्रार स्विस रिबन्स प्रकरणात २५ जानेवारी २०१९ रोजी फेटाळली गेली. समितीच्या व्यापारी निर्णयात न्यायाधिकरणाने शिरू नये, हे एस्सार स्टील प्रकरणात १५ नोव्हेंबर २०१९ रोजी पक्के झाले. मला यातील दुसरे तत्त्व पटते, पहिले अर्धवट पटते. पण योजना वाचणाऱ्याने कायदा आहे तसाच धरून चालावे.

योजनेचा अर्जदार कलम २९अ खाली अपात्र नाही ना, हे आधी पाहावे. जाणूनबुजून कर्ज बुडवणारे आणि ज्यांची खाती वर्षभराहून अधिक काळ थकीत आहेत असे प्रवर्तक आपलीच कंपनी सवलतीत परत घेऊ शकत नाहीत. लघुउद्योगांना कलम २४०अ ने यात काही सूट दिली आहे. त्यानंतर जुन्या भागधारकांचे काय होते ते पाहावे. डीएचएफएलच्या योजनेत जुने भाग शून्य झाले आणि शेअर बाजारातून काढले गेले. भागधारकांची वेगळी सभा घ्यावी लागत नाही, कारण योजनेतील अशा कृतींना त्यांची संमती मिळाल्याचे कायदाच मानतो. करकायद्याच्या दृष्टीने हीच नोंद पुढे निर्णायक ठरते, म्हणून ती ठळक करून ठेवावी.

मुदतीबद्दल फार आशावादी राहू नये. संहितेत १८० दिवस, त्यात ९० दिवसांची वाढ आणि कोर्टकज्ज्यांसह ३३० दिवसांची मर्यादा आहे. एस्सारच्या निर्णयाने ही मर्यादा अपवादात्मक स्थितीत ओलांडता येते. डीएचएफएलची योजना ७ जून २०२१ रोजी मंजूर झाली, तरी तिच्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०२५ पर्यंत चालला. भूषण पॉवर अँड स्टीलसाठीची जेएसडब्ल्यू स्टीलची योजना न्यायालयाने २ मे २०२५ रोजी रद्द केली, ३१ जुलैला तो निर्णय मागे घेतला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी योजना कायम केली. जेट एअरवेजची योजना जून २०२१ मध्ये मंजूर होऊनही प्रत्यक्षात उतरली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. मंजुरीचा आदेश हाती आला म्हणजे पुनर्रचना झाली, असे म्हणूनच कोणी मानू नये.

चौथी पायरी: करकायद्याची कसोटी लावणे

येथून पुढचे काम सीएचे असते आणि ते योजना समितीपुढे जाण्यापूर्वी व्हायला हवे. आदेश झाल्यावर रचना बदलता येत नाही.

कलम २(१ब) नुसार विलीनीकरण होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: विलीन होणाऱ्या कंपनीची सर्व मालमत्ता दुसरीकडे जाणे, सर्व देणी जाणे, आणि मूल्याने किमान तीन चतुर्थांश भाग धारण करणारे भागधारक नव्या कंपनीचे भागधारक होणे. तिसऱ्या अटीत घेणाऱ्या कंपनीने आधीपासून धारण केलेले भाग मोजायचे नसतात. केवळ खरेदी म्हणून मालमत्ता मिळाली असेल, तर ते विलीनीकरण नव्हे, असेही कलमात म्हटले आहे. अटी पूर्ण झाल्या आणि घेणारी कंपनी भारतीय असेल, तर कलम ४७(६) मुळे मालमत्ता देणाऱ्या कंपनीला भांडवली नफ्यावर कर लागत नाही, आणि भागाच्या बदल्यात भाग मिळालेल्या भागधारकाला कलम ४७(७) चे संरक्षण मिळते.

आता ही कसोटी अडचणीतील कंपनीला लावून पाहावी. योजनेत जुने भाग शून्य केले आणि त्यानंतर ती कंपनी घेणाऱ्या कंपनीत विलीन केली, तर नव्या कंपनीत जाणारे भागधारक कोण? जुन्यांना काहीच मिळालेले नाही, म्हणजे तीन चतुर्थांशांची अट त्यांच्यावर मोजली तर ती फसते. घेणाऱ्या कंपनीने आधी नवे भाग घेऊन शंभर टक्के मालकी मिळवली आणि मग विलीनीकरण केले, तर तिचे स्वतःचे भाग मोजणीतून वगळले जातात आणि प्रश्न सुटतो. म्हणून कोणती कृती आधी व कोणती नंतर, हे योजनेत तारीख-क्रमासह लिहिलेले असणे अत्यावश्यक असते. ‘सर्व कृती एकाच वेळी परिणामकारक होतील’ असे गुळमुळीत वाक्य मसुद्यात दिसले, तर ते बदलून घ्यावे.

उलट विलीनीकरणात, म्हणजे चांगली कंपनी अडचणीतील कंपनीत मिळवली जाते तेव्हा, ही अट चांगल्या कंपनीच्या भागधारकांवर मोजली जाते, आणि ते भागधारक साधारणतः पूर्णपणे नव्या रचनेत येतात. डीएचएफएलच्या पद्धतीच्या रचनेकडे कराच्या नजरेने पाहिले, तर तिची ही सोय चटकन लक्षात येते.

विलगीकरणासाठी कलम २(१९अअ) आहे आणि ते अधिक काटेकोर आहे. चालू व्यवसायासह संपूर्ण उपक्रम, त्याची सर्व देणी आणि पुस्तकी किमती हे सर्व जसेच्या तसे जायला हवे, आणि मोबदला भागांच्या स्वरूपात, भागधारकांना प्रमाणशीर मिळायला हवा. रोख रकमेवर उपक्रम विकला, तर ती स्लंप सेल ठरते आणि कलम ५०ब ची आकारणी लागू होते. आयबीसीच्या योजनेत ‘विलगीकरण’ असे लिहिले आहे म्हणून करकायदा ते तसे मानत नाही.

पाचवी पायरी: जुना तोटा वाचतो का ते पाहणे

घेणाऱ्याला अडचणीतील कंपनीत कारखान्याइतकाच तिच्या साचलेल्या तोट्यात रस असतो, हे उघड गुपित आहे. व्यवसायातील तोटा ८ वर्षे पुढे नेता येतो, शिल्लक घसारा (पुरेशा उत्पन्नाअभावी वजा न झालेला) अमर्याद काळ. पण तोटा पुढे नेण्यासाठी त्या त्या वर्षीचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते, आणि बुडत्या कंपनीत सर्वांत आधी थांबते ते विवरणपत्र भरण्याचे काम. म्हणून कोणत्याही गणिताआधी मागील ८ वर्षांच्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या मागवाव्यात. एखादे उशिरा भरलेले असेल, तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, मात्र तो मंजूर होईलच असे धरून योजनेचा आकडा लिहू नये.

तोटा वाचवण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. कंपनी तीच राहिली आणि मालक बदलले, तर कलम ७९ लागते: जनतेचा भरीव सहभाग नसलेल्या (मुख्यतः खासगी) कंपनीत तोट्याच्या वर्षअखेरीच्या भागधारकांकडे किमान ५१ टक्के मताधिकार राहिला नाही की जुना तोटा लोपतो. २०१८ च्या वित्त अधिनियमाने आयबीसीखाली मंजूर योजनेमुळे झालेला बदल यातून वगळला, परंतु प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलेली असावी, या अटीवर. ती संधी दिल्याचा कागद फाईलमध्ये नसेल, तर सवलत धोक्यात येते. शिल्लक घसाऱ्याला कलम ७९ मुळात लागूच नाही, हेही लक्षात ठेवावे.

कंपनी दुसरीत विलीन होऊन संपली, तर कलम ७२अ लागते. त्यासाठी तोट्यातील कंपनी औद्योगिक उपक्रम, जहाज किंवा हॉटेल यांची मालक असावी लागते, बँकांसाठी वेगळी तरतूद आहे. ती किमान ३ वर्षे त्या व्यवसायात असावी, घेणाऱ्या कंपनीने स्थिर मालमत्तेचा पुस्तकी किमतीने तीन चतुर्थांश भाग ५ वर्षे ठेवावा आणि व्यवसायही ५ वर्षे चालवावा लागतो. प्राप्तिकर नियमावलीतील नियम ९क नुसार चार वर्षांच्या आत उत्पादन स्थापित क्षमतेच्या ५० टक्क्यांवर न्यावे लागते. गृहवित्त कंपनी या यादीत बसत नाही. तोट्यातील कंपनी टिकवून चांगली कंपनी तिच्यात मिळवली, तर प्रश्न कलम ७२अ चा राहतच नाही. २०२५ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक दार बंद केले: १ एप्रिल २०२५ पासूनच्या विलीनीकरणात ८ वर्षांची मोजणी नव्याने सुरू होत नाही, मूळ कंपनीला तोटा झाला त्या वर्षापासूनच ती चालते.

सहावी पायरी: माफ झालेल्या कर्जाची फोड करणे

समजा, एका कारखान्याचे यंत्रांसाठीचे बँक कर्ज ७० कोटी आणि पुरवठादारांची देणी ३० कोटी आहेत, आणि योजनेत बँकेला ३५ व पुरवठादारांना ३ कोटी मिळाले. ६२ कोटी माफ झाले, पण कराच्या दृष्टीने हा एक आकडा नाही. पुरवठादारांचे २७ कोटी खर्च म्हणून पूर्वी वजा घेतलेले असल्याने कलम ४१(१) खाली उत्पन्न ठरतात. यंत्रासाठीच्या कर्जाच्या मुद्दलाची माफी उत्पन्न नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१८ रोजी महिंद्रा अँड महिंद्रा प्रकरणात दिला. त्यात अमेरिकेतील कायझर जीप कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचे ५७,७४,०६४ रुपये वादात होते. त्या वेळचे कलम २८(४) रोख लाभाला लागू होत नव्हते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्यात रोख लाभही आणला, त्यामुळे करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून केवळ महिंद्राच्या निर्णयावर विसंबून राहणे माझ्या मते धाडसाचे आहे. थकलेल्या बँकव्याजाची माफी मात्र बहुधा करपात्र ठरत नाही, कारण कलम ४३ब मुळे न भरलेले व्याज आधी वजाच मिळालेले नसते.

म्हणजे माफीची विभागणी मुद्दल, व्याज आणि व्यापारी देणी अशी करावी, आणि मुद्दलाचीही यंत्रासाठी घेतलेले व खेळत्या भांडवलासाठी घेतलेले अशी. माफीची रक्कम नफा-तोटा पत्रकात जमा झाली, तर पुस्तकी नफ्यावरील कलम ११५जेबी चा कर उभा राहतो. आयबीसीत दाखल झालेल्या कंपनीला २०१८ पासून जुना तोटा आणि शिल्लक घसारा यांची बेरीज वजा करता येते, इतरांना त्यांपैकी जी रक्कम कमी तेवढीच.

सातवी पायरी: आदेशानंतरची कामे

आदेश आल्यावर कर निर्धारण अधिकाऱ्याला तत्काळ लेखी कळवावे. विलीन होऊन संपलेल्या कंपनीच्या नावाने निघालेला निर्धारण आदेश मारुती सुझुकी प्रकरणात २०१९ मध्ये अवैध ठरला, परंतु तो फायदा मिळवायला कळवल्याचा पुरावा लागतो. विलीनीकरणाचा परिणाम योजनेत ठरवलेल्या नियत तारखेपासून, म्हणजे बहुधा आदेशाच्या आधीच्या तारखेपासून, धरला जात असल्याने मधल्या काळात जुन्या नावाने भरलेली विवरणपत्रे चुकीची ठरतात. कलम १७०अ नुसार आदेशाचा महिना संपल्यापासून ६ महिन्यांत सुधारित विवरणपत्र भरावे लागते. हे कलम केवळ व्यवसाय पुनर्रचनेसाठी आहे. फक्त करमागणी कमी झाली असेल, तर कलम १५६अ खाली अधिकाऱ्याकडून सुधारित मागणी-नोटीस घ्यावी.

जीएसटीतील शिल्लक जमा नव्या कंपनीकडे नेण्यासाठी आयटीसी-०२ हा फॉर्म भरावा. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या आदेशावर मुद्रांक शुल्क लागते, कारण असा आदेश हा दस्तच आहे, असे हिंदुस्तान लीव्हर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. दर आणि कमाल मर्यादा महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५(दअ) मध्ये आहे. कंपनीची जमीन दोन राज्यांत असेल, तर दुसऱ्या राज्याचे शुल्कही स्वतंत्रपणे तपासावे. ही रक्कम योजनेच्या खर्चात आधीच धरलेली नसेल, तर ती कोणी भरायची यावरून नव्या मालकात आणि धनकोंत पत्रव्यवहार सुरू होतो, आणि तोपर्यंत सात-बारावर व मालमत्ता पत्रकावर जुन्या कंपनीचेच नाव राहते.